उपासाला चालणारी गोळी

माझा हात पाण्याच्या बाटलीकडे गेला आणि सगळा हॉल हसला. झालं एवढंच. बुलढाण्यातला ट्रेनिंगचा हॉल, दुपारची जेवणं झालेली, टेबलावर रबराचा माणूस निजवलेला, आणि धम्मशीला मॅडम म्हणाल्या, "कुलदीप भाऊ, या पुढं. हा शुगरचा पेशंट आहे. घामानं निथळतोय, हाक मारली तर ओ देत नाही, घशात घरघर आहे. आधी काय कराल?" नऊ वर्षं झाली मला ॲम्ब्युलन्स चालवायला. नऊ वर्षांत किती माणसं उचलली असतील त्याचा हिशेब नाही, आणि हात गेला कुठं तर पाण्याकडे. मी झाकण फिरवून रबराच्या ओठांना बाटली लावलीसुद्धा. मागून प्रसेनजित, दुसऱ्या गाडीवरचा ड्रायव्हर, ओरडला, "अबे, आधी जेवू तं घाल त्याले!" सगळे पोट धरून हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी माझ्या हातातली बाटली काढून घेतली, झाकण लावलं आणि म्हणाल्या, "मेला तुमचा पेशंट."

आता खरं सांगायचं तर या ट्रेनिंगचा मला पहिल्या दिवसापासून राग. आम्ही ड्रायव्हर लोक. आम्हाला स्टेअरिंग द्या, ब्रेक द्या, औषधं मागं बसणारा डॉक्टर पाहील. पण वरून ऑर्डर आली की ड्रायव्हरलाही औषधांचं जुजबी ज्ञान पाहिजे, म्हणून तीन दिवस शाळेतल्या पोरांसारखं बाकावर बसलो होतो. मॅडम नर्सिंग शिकवून रिटायर झालेल्या, आवाज बारीक पण हॉलच्या शेवटच्या भिंतीपर्यंत जाणारा. त्यांनी सहा प्रश्न पाठ करून घेतले होते. कोणाला, काय, किती, कुठून, कधी, आणि मुदत संपली का. गोळी असो की ऑक्सिजन, हे सहा विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. "आता पाण्याचं पाहा," त्या म्हणाल्या. "पाणी औषध नाही असं वाटतं ना तुम्हाला? शुद्धीत नसलेल्या माणसासाठी पाणीसुद्धा औषधच समजा, आणि तुम्ही त्याचा रस्ता चुकवला. पोटात जायचं ते फुफ्फुसात गेलं. ज्याला गिळता येत नाही त्याच्या तोंडात काही नाही. गोळी नाही, साखर नाही, थेंबभर पाणी नाही." मी मुकाट्यानं जाग्यावर येऊन बसलो. इथपर्यंत ठीक होतं, चूक झाली, लोक हसले, मी उद्या दुसऱ्याला हसलो असतो. पण मॅडम पुढं बोलतच राहिल्या. "शुगर उतरलेला माणूस मरणाऱ्यासारखा दिसतो. मरत नसतो. नसेतून ग्लुकोज गेलं की दहा मिनिटांत उठून बसतो आणि विचारतो, एवढे लोक कशाला जमले?" हॉल पुन्हा हसला. मला मात्र हा प्रश्न माझ्या मायच्या आवाजात ऐकू आला. "एवढे लोक काऊन जमले बे? कामं नाहीत का तुमाले?" तिनं अगदी असंच विचारलं असतं. उठली असती तर.

माझी माय कौशल्याबाई. वडनेर भोलजीला आमचं दीड एकर भाजीचं रान, आणि ते रान तिचं, बाबांचं नव्हे, हे बाबाही कबूल करायचे. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, हिवाळ्यात हिरव्या वांग्यांचं भरीत करून ती शेजारपाजाऱ्यांना बोलावून खाऊ घालायची आणि कोणी तिखट लागलं म्हटलं की म्हणायची, "मंग साखर खा घरी जाऊन." तोंडानं फटकळ. बाजाराच्या दिवशी टोपलं डोक्यावर घेऊन निघाली की तिच्या पुढं चालायला कोणाची हिंमत नसायची. मी दहावीत नापास झालो तेव्हा तिनं मला मारलं नाही, दोन दिवस फक्त माझ्याकडे पाहून "वा रे वा" म्हणायची, ते मारापेक्षा वाईट होतं. मग तिसऱ्या दिवशी माझ्या ताटात तुरीच्या शेंगा सोलून टाकल्या, म्हणजे राग गेला. अजून मला थंडीत भिजलेल्या सांभाराचा वास आला की मी गाडी चालवता चालवता एकदम लहान होतो. सुचिता, माझी बायको, हसते. बाजारातून सांभाराची जुडी आणली की मी आधी नाकाला लावतो, मग पिशवीत टाकतो. माणूस जातं, आणि त्याचा वास भाजीवाल्याच्या गाडीवर विकायला राहतो, याला काय म्हणावं?

मायला शुगर निघाली तेव्हा ती पन्नाशीची होती. नांदुऱ्याच्या डॉक्टरनं सकाळची एक गोळी दिली. ती गोळी ती पदराच्या गाठीत बांधून रानात न्यायची आणि विहिरीवरच्या मोटारीच्या पाण्यासोबत गिळायची. डॉक्टरनं सांगितलं होतं, गोळी घेतली की जेवायचं. जेवायची, एरवी. पण संकष्टी चतुर्थीला ती कडक उपास धरायची. भगर नाही, साबुदाण्याची उसळ नाही, चंद्र निघेपर्यंत फक्त चहा, आणि शुगर निघाल्यापासून तोही बिनसाखरेचा. गोळी मात्र घ्यायची. मी एकदा विचारलं होतं, उपास आहे तर गोळी कशी चालते? तर म्हणाली, "गोयी काई अन्न नोहे. गोयी उपासाले चालते." आमच्या गावात आजही कोणालाही विचारा, हेच सांगतील. औषधाला विटाळ नाही, औषधानं उपास मोडत नाही. अन्न चालत नाही, गोळी चालते. कोणाच्या डोक्यातच येत नाही की अन्न नसेल तर ती गोळी पोटात बसून खाणार काय? आमच्या मायच्या डोक्यात आलं नाही, बाबांच्या नाही, माझ्या नाही. मी तर बारावी शिकलेला होतो.

अकरा वर्षांपूर्वीची ती चतुर्थी. मी तेव्हा मलकापूरला भाड्याची जीप चालवत होतो. दुपारी फोन आला, लवकर ये, माय कशीतरीच करून राह्यली. नंतर कळलं ते असं. सकाळी गोळी घेतली, वांगी तोडली, दुपारी घरी आली तेव्हा लुगडं घामानं चिंब. उगाच चिडली, बाबांना भलत्याच नावानं हाक मारली, तिच्या मेलेल्या भावाच्या. मग ओसरीवर आडवी झाली ती बोलेचना, नुसती घोरायला लागली. बायका जमल्या. कोणी नाडी पाहिली, कोणी पाय चोळले, एका म्हातारीनं मान हलवली आणि ठरलं की आता काही खरं नाही. मग सगळे माझी वाट पाहत बसले. मी सवारी रस्त्यात उतरवून दिली आणि जीप अशी हाणली की आजही ॲम्ब्युलन्स तशी हाणत नाही. अंगणात जीप उभी केली, तर बायकांमधून रस्ता झाला आणि कोणीतरी म्हणालं, "आला वो आला. पोराचीच वाट पाहून राह्यली होती." बाबांनी माझ्या हातात वाटी दिली. पाण्यात तुळशीचं पान. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. घाम आलेलं ते कपाळ, थंडगार, दगडासारखं. मी वाटी लावली. ती खोकली. माझ्या मनगटावर तिचा गरम श्वास आला, पुन्हा खोकली, घशात काहीतरी वाजलं, आणि लोक म्हणाले, "गेला घोट गेला." मी आणखी पाजलं. दहा-पंधरा मिनिटांत ती गेली. अंगणात माझी जीप उभी होती, बोनेट अजून तापलेलं होतं, नांदुऱ्याचा दवाखाना बारा किलोमीटर.

या मरणावर आमच्या घरानं अकरा वर्षं समाधान मानलं, हे कोणाला सांगू? बाबा, म्हणजे उकंडराव, तिच्या मागं खचले नाहीत ते याच एका गोष्टीवर. पाहुणा येवो, सोयरा येवो, विषय निघाला की म्हणायचे, "पोराच्या हातचं पाणी पिऊन गेली. येळेवर पोचला माह्या पोट्टा. नशीब लागते त्याले." मीही मान खाली घालून ऐकायचो, पण आतून फुगायचो. खोटं कशाला बोलू, ॲम्ब्युलन्सची जागा निघाली तेव्हा अर्ज भरला तो याच फुशारकीवर. मी वेळेवर पोचणारा माणूस. गावातही तेच नाव झालं, कोणाचं काही झालं की म्हणतात, कुलदीपला फोन लावा, तो टायमावर येतो. आणि त्या दिवशी हॉलमध्ये बसून मला समजत होतं की मी टायमावर पोचलो होतो, गाडी घेऊन पोचलो होतो, आणि पोचून मी काय केलं होतं. पुढच्या अर्ध्या तासात मॅडमनी छातीत दुखण्यावरच्या गोळीचं काय काय सांगितलं, एक अक्षर डोक्यात शिरलं नाही.

चहाच्या सुट्टीत मी मॅडमना व्हरांड्यात गाठलं. एका पेशंटचं विचारतो म्हणालो. सगळं सांगितलं, गोळी, उपास, घाम, चिडणं, भलतं नाव, घोरणं. त्या चहाचा कप हातात धरून ऐकत राहिल्या. "शुगर मोजली होती?" नाही, म्हटलं. "मग कोणी सांगू शकत नाही. डोक्यात रक्तस्राव असेल, हृदयाचंही असेल. मोजल्याशिवाय मी सांगणार नाही, आणि तुम्हीही सांगू नका." मग माझ्याकडे पाहून हळू म्हणाल्या, "कोण होतं भाऊ?" मी म्हटलं, "गावातली एक बाई." त्यांनी पुढं विचारलं नाही. मोठं मन आहे त्या बाईचं. पण मला तेवढ्यात दुसरंच आठवलं. सकाळी निघताना सुचिता म्हणाली होती, आज चतुर्थी आहे, बाबांना फोन करा. बाबा गावी एकटेच असतात, दोन वर्षांपासून त्यांनाही शुगर. तीच सकाळची गोळी. आणि माय गेल्यापासून तिची संकष्टी बाबा धरतात, तिच्यासारखीच, चंद्र निघेपर्यंत चहावर. आम्ही किती कौतुक करायचो! पाहा, बायकोचा उपास नवरा चालवतो, असं कुठं पाहिलं का?

मी तिथूनच फोन लावला. "बाबा, काय खाल्लं?" "आज चतुर्थी हाय ना बे." "गोयी?" "सकायीच घेतली. गोयी उपासाले चालते." तेच वाक्य, तोच ठसका. मी म्हटलं, थोडी साखर खाऊन घ्या. "काऊन?" म्हणाले. आणि मला सांगता येईना. फोनवर कसं सांगू? कारण सांगितलं की म्हातारा मूर्ख नाही, दोन अधिक दोन करणारच. त्याच्या अकरा वर्षांच्या समाधानाचं मी एका फोनवर वाटोळं करणार. "घाम येऊन राह्यला का तुम्हाले?" "हिवायात कायचा घाम? हात कापून राह्यले थोडे. थंडी हाय." शेजारच्या महादेवरावांना फोन केला, ते रानात होते, पाचपर्यंत घरी येतो म्हणाले. मी मॅडमकडे गेलो, म्हटलं मला आत्ता निघायचं आहे, शुगर मोजायचं मशीन द्या. त्यांनी कारण विचारलं नाही, मशीन दिलं, ग्लुकोजचं पाकीट दिलं आणि म्हणाल्या, "पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं. आणि बरं वाटलं तरी दवाखान्यात न्यायचं, ती गोळी रात्रभर शुगर पाडत राहते."

राजूरच्या घाटातून मोटरसायकल उतरताना गार वारा मागं राहतो आणि खालची ऊब अंगावर येते, हे मला लहानपणापासून आवडतं. माय मला पहिल्यांदा बुलढाण्याला घेऊन आली होती ती दात काढायला, आणि परतताना याच घाटात तिला गाडी लागली, तर खिडकीतून डोकं बाहेर काढून, ओकत ओकत, ड्रायव्हरला शिव्या देत होती. त्या दिवशी मी ठरवलं होतं की आपण ड्रायव्हर व्हायचं आणि मायला सावकाश न्यायचं. मोताळ्याच्या पुढं दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, तुरी शेंगांनी वाकलेल्या, बायका वेचणी आटोपून गाठोडी बांधत होत्या, आणि प्रत्येक गाठोड्याशी एक माय उभी आहे असं वाटत होतं. मी रडलो, हो रडलो, हेल्मेटमध्ये कोण पाहतं? मी स्वतःशी भांडत होतो. म्हणायचो, मोजलं नव्हतं, काही सिद्ध नाही. लगेच मनगटावर तो गरम श्वास यायचा. खोकणारा माणूस जिवंत असतो. मग ठरवलं, बाबांना हे कळू द्यायचं नाही. साखर चारायची, दवाखान्यात न्यायचं, डॉक्टरच्या तोंडून उपास बंद करवायचा. मायचं नाव काढायचं नाही. म्हाताऱ्याकडं तेवढं एकच आहे, ते त्याच्याजवळ राहू द्यायचं.

पोचलो तेव्हा पाच वाजून गेले होते. बाबा ओसरीवर गोधडी पांघरून बसले होते, महादेवराव अजून यायचे होते. "काऊन आला बे? ट्रेनिंग सोडून?" जीभ थोडी जड. मी त्यांचं बोट धरलं, सुई टोचली, मशीनवर आकडा आला चोपन्न. चोपन्न! मी आत जाऊन ग्लुकोज पाण्यात कालवलं, तोवर हाका मारत राहिलो, ते ओ देत राहिले. गिळता येत होतं, शुद्ध होती, म्हणजे द्यायला हरकत नव्हती. कोणाला, काय, किती, कुठून, सगळं मनात झालं. ग्लास पुढं केला. बाबांनी तोंड फिरवलं.

"चंद्र निघाला का?"

"बाबा, शुगर लय कमी झाली. हे पिऊन घ्या आधी."

"चंद्र निघाल्यावर पितो. दोन-तीन घंट्याचा तं सवाल हाय."

"दोन घंट्यात माणूस जाते बाबा."

"मंग जाईन. तुह्या मायचा उपास हाय हा, माह्या नोहे. माह्या असता तं मोडला असता."

मी चिडलो, ओरडलो, हात जोडले. म्हातारा ग्लासाकडे पाहीना. कपाळावर बारीक घाम दिसायला लागला होता. ज्या हातानं गोधडी धरली होती तो हात थरथरत होता. तेव्हा मी खोटं रचलं, रस्त्यात रचून ठेवलं नव्हतं, तिथंच सुचलं. म्हटलं, "बाबा, ऐका. जळगाव जामोदची एक केस सांगितली आज मॅडमनं. एक बाई होती. शुगरची गोयी घेतली अन् उपास धरला. दुपारी घाम आला, भलतंसलतं बोलली, मंग घोरत पडली. लोकाईले वाटलं, चालली. चालली नव्हती बाबा ते. शुगर उतरली होती. सुई लावली असती तं उठून बसली असती. त्याइनं तोंडात पाणी घातलं. ते पाणी छातीत गेलं."

बाबा माझ्याकडे पाहत होते. "पाणी कोनं घातलं?"

"तिच्या पोरानं," मी म्हटलं. तोंडातून गेलंच. आणि थांबता येईना. "गाडी घेऊन आल्ता तो. गाडी अंगणातच उभी होती."

बाबांनी माझ्या चेहऱ्यावरून नजर काढली नाही, आणि मला समजलं की मी जळगाव जामोदपर्यंत गेलो तरी म्हातारा वडनेरच्या बाहेर पडलाच नव्हता. मग त्यांनी हात पुढं केला, ग्लास घेतला आणि घटघट पिऊन टाकला. उपास मोडला. मायचा. खाली ठेवताना ग्लास वाजला, हात कापत होता म्हणून. मी भिंतीला टेकून बसलो. पंधरा मिनिटं थांबायचं होतं. समोरच्या घरातून भाकरी थापल्याचा आवाज येत होता, आणि मला वाटत होतं की बाबा आता रडतील, किंवा मला मारतील, किंवा काहीच बोलणार नाहीत, आणि यातलं कुठलंही मला सहन होणार नाही.

"कुलदीप," ते म्हणाले, "तुले एक सांगाचं राह्यलं होतं. अकरा वर्सं झाली. तू आला ना, तवा तुही माय गेली होती."

मी मान वर केली.

"हाव. तू पोचाच्या आधीच. पाणी मी घातलं तिले. माह्या हातानं. तू आल्यावर वाटी दिली ते नुसती रीत म्हणून. लोकाईले म्हटलं, पोराच्या हातचं पिऊन गेली. तुले बरं वाटन म्हणून सांगत होतो. खोटं होतं ते."

ते माझ्याकडे न पाहता बोलत होते, गोधडीचा टाका नखानं उकरत. या माणसानं अकरा वर्षं एकच गोष्ट छातीशी धरली होती, गावभर सांगितली होती, तिच्यावर जगला होता, आणि ती त्यानं एका ग्लासाच्या वेळात फेकून दिली, माझ्यासाठी. मला तो खोकला आठवत होता. मनगटावरचा श्वास आठवत होता. त्यांनाही आठवत होता, ते तर माझ्या शेजारीच बसले होते, त्यांनीच तर म्हटलं होतं, आणखी पाज. मला ओरडून सांगावंसं वाटलं, बाबा, असं करू नका, हे माझं आहे, हे मला राहू द्या. पण म्हातारा आयुष्यात पहिल्यांदा एवढं मोठं खोटं बोलला होता आणि ते टिकतं की नाही याची वाट पाहत होता.

मी त्यांचं बोट धरलं आणि पुन्हा सुई टोचली. शहाण्णव आलं. हात थांबला होता. म्हटलं, आता भाकर खा आणि मग आपण नांदुऱ्याच्या दवाखान्यात जाऊ, रात्रभर तिथं राहायचं आहे. त्यांनी मान हलवली, पण उठले नाहीत. ते उत्तर मागत होते.

"हाव बाबा," मी म्हटलं. "मले उशीरच झाला होता."